साडूच्या भिंती

आमच्या इमारतीत एक अलिखित नियम होता: भिंतींना नवा रंग लागला की भाडे वाढायचे, रंग कोणी दिला, हे मालकीणबाई विचारीत नसत. त्यामुळे जुने भाडेकरू भिंतींचा काळपटपणा दागिन्यासारखा जपत. माझ्या मजल्यावर राहणाऱ्या रंगाऱ्याचे मात्र याच नियमावर पोट चाले: खोली रिकामी झाली की भाडे वाढवण्यासाठी मालकीणबाई ती त्याच्याकडून रंगवून घेत. मनुष्य कामाला चोख, बोलण्याला गोड. त्याला एकच दुखणे होते आणि ते समोरच्याच दारामागे राहत होते: त्याचा साडू.

दोघांच्या खोल्या तंतोतंत सारख्या. साडू चष्म्यांच्या दुकानात नोकरीला. थोरल्या बहिणीशी लग्न करून तो इथे फार आधी आलेला असल्याने त्याचे भाडे रंगाऱ्याच्या निम्मे होते. आसपासची भाडी चढत आणि साडूचे तेवढेच राही, तसे रंगाऱ्याच्या पोटात दुखे.

"काय साडूभाऊ, भाडे किती भरले?" साडू जिन्यात हटकून विचारी.

"तुम्हाला काय त्याचे? तुम्ही तर घरजावयासारखे राहता!"

"मग तुम्हीही लवकर लग्न करायचे होते!"

हा विनोद साडूने इतक्या वेळा केला की रंगाऱ्याच्या मनात तो काट्यासारखा रुतून बसला.

एकदा साडू आणि त्याची बायको काही दिवस लेकीकडे गेली. किल्ली धाकट्या बहिणीकडे, म्हणजे रंगाऱ्याच्या बायकोकडे राहिली. रंगाऱ्याने डबे आणि कुंचले बाहेर काढले.

"ताई परत येईल तेव्हा घर लखलखीत दिसेल," तो म्हणाला. "दार लावूनच रंगवीन, मालकीणबाईंना कळायचे नाही."

"इतकी माया कधीपासून?" बायकोने विचारले, पण किल्ली दिली.

त्याने मोतिया रंग दिला आणि तो इतका सुरेख दिला की स्वतःच्या कामाचाही त्याला हेवा वाटावा. मग दार सताड उघडे ठेवले. ताज्या रंगाचा वास जिन्यावरून खाली उतरला आणि मालकीणबाई वर आल्या. त्यांनी भिंतीवर बोट फिरवले, ते निरखून पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "छान!"

साडू परतला, तो नवे भाडे ऐकून उंबरठ्यावरच बसून हिशेब करू लागला. त्याच्या पगारात ते बसणे शक्य नव्हते आणि सबंध वस्तीत त्याहून स्वस्त खोली उरली नव्हती. रंगाऱ्याने तोंडाने हळहळ व्यक्त केली. डोळे मात्र हसत होते.

ते हसू बायकोने टिपले. "रंग का दिला?"

"अगं, भेट म्हणून..."

"मग ताई कुठे जाणार?"

रंगारी कुंचला पुसू लागला.

"ती आपल्याकडे राहील. भावजींसकट. उद्यापासून."

त्याप्रमाणे दोन्ही कुटुंबे रंगाऱ्याच्या दोन खोल्यांत सामावली. भाडे निम्मे-निम्मे ठरले. ज्या न्यायासाठी रंगारी इतकी वर्षे झुरला, तो शेवटी घरबसल्या मिळाला: दोघांचे भाडे आता अगदी सारखे होते. चष्म्याच्या कामाला उजेड लागतो, असे सांगून साडूने पुढच्या खोलीतील खिडकीजवळची जागा घेतली. रंगाऱ्याच्या वाट्याला चुलीजवळची भिंत आली. ती कित्येक वर्षे रंगवलेली नव्हती आणि आता ती कधीच रंगवली जाणार नव्हती.

परवा जिन्यात तो भेटला. मी म्हटले, "आता तरी झाले ना समाधान? दोघे बरोबरीत आलात."

त्याने अर्धवट उघड्या दारातून आत पाहिले. साडू खिडकीशी वाऱ्यावर पाय पसरून वर्तमानपत्र वाचीत होता.

"कसली बरोबरी, गुरुजी?" तो म्हणाला. "त्याच्या निम्म्यात खिडकी आहे!"