कानाला सोसेल असा कॉम्प्युटर

आमच्या घरी नवा कॉम्प्युटर आला तो एका कमी ऐकू येणाऱ्या माणसाला आवाज सहन होत नाही म्हणून. हे मी सोसायटीतल्या बायकांना सांगितलं तेव्हा ऐकू कमी कोणाला येतं आणि डोकं कोणाचं फिरलंय, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

गोष्ट साधी होती. आमच्या ह्यांना कानाचं मशीन लागलं. कान तपासणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "आजोबा, सकाळी उठल्यावर घालायचं ते झोपताना काढायचं. मेंदूला परत आवाजांची सवय व्हायला हवी. मधेमधे काढून ठेवलंत तर काही उपयोग नाही." ह्यांनी मान डोलावली. घरी आले. आणि घरी आमच्या नातीचा कॉम्प्युटर होता.

नात आमच्याकडे डोंबिवलीला राहते. ठाण्याच्या एका स्टुडिओसाठी लग्नांचे व्हिडिओ जोडते, कापते, त्यात सनई भरते. तिचा तो जुना कॉम्प्युटर कोणीतरी वापरून कंटाळून दिलेला. चालू केला की घरघंटीत गहू टाकल्यासारखा सुरू व्हायचा. आपल्याला त्याची सवय होते, कान तो आवाज बाजूला टाकतात. मशीन बाजूला टाकत नाही. ते बोलणंही मोठं करतं आणि घरघरही. मग हे मशीन काढायचे, शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि हसत बसायचे.

ते हसणं मला सोसेना. मी विचारावं, "चहा ठेवू का?" हे हसणार. मी म्हणावं, "समोरच्यांची सून पडली हो जिन्यात." हे हसणार. ज्या माणसानं माझ्याशी आमटीतल्या गुळापासून मुलाच्या शाळेपर्यंत प्रत्येक गोष्टीवर भांडण केलं, तो माणूस आता काहीही सांगितलं तरी हसतो, म्हणजे तो घरातून हळूहळू उठून चाललाय असं मला वाटायला लागलं. मला माझा भांडणारा नवरा परत हवा होता.

"मी बेडरूममध्ये टेबल हलवते," नात म्हणाली. पण तिथे टेबल ठेवलं की कपाटाचं दार उघडत नाही.

ते कपाट म्हणजे तरुणपणीच्या माझ्या अकलेचं स्मारक. नवीन लग्न झालेलं, वागळे इस्टेटमध्ये टायपिस्टची नोकरी, स्वतःच्या पगाराचा तोरा. ठाण्याच्या दुकानात आरशाचं सागवानी कपाट पाहिलं आणि आरशात मी मला फारच आवडले. भिंत मोजून घेतली होती हो, अगदी विती लावून. जिना मोजायचा असतो हे कुठे ठाऊक? टेंपो आला, हमालांनी कपाट उचललं आणि ते पहिल्याच वळणावर अडकलं. तेव्हाची मी खाली उभी राहून त्यांना सांगत होते, "थोडं तिरकं करा ना." जसं काही त्या बिचाऱ्यांना आयुष्यात तिरकं करणं माहीतच नव्हतं! शेवटी गॅलरीची जाळी काढून दोरानं वर ओढलं. तेव्हाची आमची अख्खी चाळ बघत होती. मी पदर सावरत उभी, जणू माझा सत्कार चाललाय.

तर नातीनं नवा कॉम्प्युटर स्वतः जोडायचं ठरवलं. एकेक भाग वेगळा घ्यायचा आणि घरी बसवायचा. एका संध्याकाळी मला शेजारी बसवून तिनं स्क्रीनवर दाखवलं.

"हा प्रोसेसर, आजी. मेंदू समज. तो तापतो. तापला की त्याच्यावरचा पंखा जोरात फिरतो. पंखा जोरात फिरला की आबा मशीन काढतात."

"मग कमी तापणारा मेंदू घे."

"तोच घेतलाय. आणि त्याच्यावर हा मोठा कूलर. मोठा पंखा हळू फिरला तरी पुरेशी हवा देतो. छोट्याला तेवढ्यासाठी गरगरावं लागतं, मग तो बोंबलतो."

हे मला पटलं. छतावरचा पंखा आणि टेबलफॅन यांच्याबरोबर मी आयुष्य काढलंय. पुढे तिनं सांगितलं की मेंदू आणि तो ज्यावर बसतो तो मदरबोर्ड यांची पिन न पिन जुळावी लागते, नाहीतर बसतच नाही.

"म्हणजे पत्रिका."

"हो, तसंच."

"आमची जुळली होती. उत्तम जुळली होती. पण घोरतो किती, ते पत्रिकेत कुठे असतं? ते लग्नानंतर कळतं."

"म्हणून तर मी रिव्ह्यू वाचते," नात म्हणाली.

मग तिनं डबा दाखवला. म्हणजे ज्यात हे सगळं बसतं ते कॅबिनेट. पुढून काच, बाजूनं काच, आत गणपतीच्या मखराला लाजवतील असे रंगीत दिवे. "हा मला हवाच," ती म्हणाली. तिचा चेहरा बघून मला दुकानातल्या त्या आरशासमोरची मी आठवले.

"तुझ्या त्या कूलरची उंची किती?"

"एकशे अठ्ठावन्न मिलिमीटर."

"आणि ह्या डब्यात जागा?"

तिनं खाली सरकवत सरकवत पाहिलं. "एकशे पंचावन्न."

"तिरका करून बघ," मी म्हटलं.

ती चिडली. "आजी, प्लीज हां!" पण चूक लक्षात आली होती. शिवाय पुढून काच बंद असली तर हवा येणार कुठून, हेही तिनं स्वतःच वाचून काढलं. मग एक साधा काळा, पुढून जाळीचा डबा ठरला. त्याचं रूप गॅसच्या शेगडीसारखं. पोरीनं दोन दिवस तोंड फुगवलं. व्हिडिओ साठवायला फिरणारी डिस्कही नको म्हणाली, कारण ती कुरकुरते. तिच्याऐवजी नुसती चिपांची पट्टी.

आता प्रश्न उरला आवाजाचा. इंटरनेटवर सगळेच पंखे 'सायलेंट'. जसं स्थळांमध्ये सगळेच मुलगे निर्व्यसनी. मी म्हटलं, "ह्यांना घेऊन दुकानात जाऊ. ज्यांना त्रास होतो त्यांनीच ऐकावं."

"आबांना? टेस्टिंगला?" नात हसत सुटली. हे मात्र लगेच शर्ट बदलायला उठले. "मी येतो. पण येताना वडा खाणार."

ठाण्याचं ते दुकान म्हणजे रस्त्यावरचे हॉर्न आणि आत चालू असलेले दहा-बारा कॉम्प्युटर. दुकानदारानं नातीची यादी घेतली, माझ्यासाठी चहा मागवला आणि मुद्दा समजल्यावर अडखळला.

"म्हणजे, आजोबांना ऐकू येत नाही ना? मग टेस्ट कसली?"

"मला ऐकू येतं," हे म्हणाले. "नको तेवढं येतं. इथे मागे शांत खोली आहे का?"

मागे खोकी रचायची खोली होती. दार लावलं की बऱ्यापैकी शांत. दुकानदारानं एका खोक्यावर पंखे मांडले आणि एकेक वायर लावून फिरवायला सुरुवात केली. हे प्लास्टिकच्या स्टुलावर डोळे मिटून बसले, गाण्याच्या बैठकीला बसावं तसे. हात मांडीवर. मी त्यांच्याकडे बघत राहिले. कितीतरी दिवसांनी हे काहीतरी ऐकायला म्हणून बसले होते.

"हा चालेल."

दुसरा लावला. "हा रडतोय."

"रडतोय कुठे, आजोबा? सीलपॅक आहे." दुकानदारानं पंखा स्वतःच्या कानाशी धरला. आणखी जवळ धरला. "…हां. आहे किंचित."

"किंचित तुम्हाला. मला डॉक्टरांनी वाढवून दिलंय."

मग दुकानदारानं वीज पुरवणारा चौकोनी डबा लावला, तो कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकटात मिळत होता. ह्यांनी डोळे न उघडताच मान हलवली. "कण्हतोय. आजारी माणूस घरात एक पुरे." दुकानदार हसला, दुसरा काढला. तो पास झाला. शेवटी तर तो स्वतःच दुकानातले इतर पंखे आणून विचारायला लागला, "आजोबा, हा कसा वाटतो?" आणि हे निकाल देत होते. वड्याची आठवण मला करून द्यावी लागली.

घरी आल्यावर नातीनं चटईवर सगळं मांडलं. स्क्रू माझ्या चटणीच्या वाटीत. मी टॉर्च धरला होता, आणि "जरा इकडे, आजी, माझ्या डोक्यावर नको" हे ऐकत होते. हे खुर्चीत पेपर वाचत, कानात मशीन. सगळं बसलं, तिनं बटण दाबलं. काहीच झालं नाही. निदान मला तसं वाटलं. बिघडला, म्हणून मी देवाकडे बघितलं.

ह्यांनी पेपर खाली केला. "कधी लावणार आहात?"

"लावलाय, आबा," नात म्हणाली.

ह्यांनी काही क्षण कान दिला. मग परत पेपर उचलला. मशीन कानातच.

पुढचा आठवडा फार छान गेला. हे दोनदा माझ्यावर ओरडले.

आणि मग मी माती खाल्ली. आमच्या पिढीला उघडी वस्तू बघवत नाही. टीव्हीला कव्हर, फ्रिजच्या डोक्यावर रुमाल, मिक्सरला झालर. एके काळी मी फोनच्या रिसीव्हरलाही क्रोशाचं टोपडं विणलं होतं, आणि त्यामुळे समोरच्याचं बोलणं नीट ऐकू यायचं नाही, तरी दोन वर्षं काढलं नाही, कारण पाहुणे कौतुक करायचे. नव्या डब्यासाठीही मी विणायला घेतलं तेव्हा नातीनं सुई हातातून काढून घेतली. "आजी, याला झबलं घालायचं नाही. तो श्वास कुठून घेणार?" मी बरं म्हटलं. विणून मात्र पूर्ण केलं.

खाली रस्ता खणलेला. सगळीकडे धूळ. दुपारी नात स्टुडिओत जायची तेव्हा कॉम्प्युटर काम करत ठेवून जायची. व्हिडिओ तयार व्हायला वेळ लागतो म्हणे. तो उघडा डबा, त्यावर बसणारी धूळ. मला राहवेना. हे खुर्चीत डोळे मिटून पडलेले. मी हळूच कपाटातून कव्हर काढायची, घालायची आणि ती यायच्या आधी काढून ठेवायची. जाळीचंच तर होतं!

थोड्याच दिवसांत ह्यांच्या खिशात परत मशीन दिसलं. दुपारची वेळ. मी म्हटलं, "पापड भाजू का?" हे हसले.

नात आली तेव्हा मी तिला सांगितलं. तिनं डबा उघडला, तपासलं. संध्याकाळी सगळं शांत. दुसऱ्या दिवशी परत तेच: दुपारी मशीन खिशात, संध्याकाळी डबा शांत. पोरगी रडायच्या बेतात आली. "कूलरच खराब असेल. एवढं बघून घेतलं तरी. मी उद्या परत करून येते." स्क्रूड्रायव्हर घेऊन ती खाली बसली. माझ्या डोक्यात कव्हर आलंच नाही, शपथ. ते माझ्या मते डब्याची काळजी घेत होतं.

ह्यांनी खिशातून मशीन काढलं, कानात बसवलं.

"कूलर सोडू नकोस. दुपारी ही त्याला फ्रॉक घालते, तेव्हा तो धापा टाकतो."

"तुम्ही झोपलेले असता!" मी म्हटलं.

"डोळे मिटलेले असतात. आधी कपाटाचं दार. मग तुझ्या बांगड्या. मग ह्याची धाप."

"मग बोलायचं नाही का?"

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, तुम्हाला काय ऐकू येतंय."

मी म्हणाले असते. अगदी ह्याच शब्दांत म्हणाले असते.

नातीनं माझ्याकडे पाहिलं. "आजी?" मी कपाट उघडून कव्हर आणून दिलं. तिनं डब्यावर घातलं, एक जड व्हिडिओ चालू केला आणि आम्ही तिघं बसून राहिलो. हळूहळू आवाज चढला, अगदी माझ्याही कानाला कळेल इतका. तिनं कव्हर उचललं. आवाज खाली आला. ह्यांनी हात उंचावला, आता बोलायची गरज नाही अशा अर्थानं.

कव्हर मी शहाडला बहिणीकडे पाठवून दिलं. तिच्याकडे टोस्टर आहे. त्याचं काय होतं ते तिचं तिनं बघावं.

आता हे सकाळी मशीन घालतात ते झोपताना काढतात. परवा मी ओट्याशी उभी होते, नात हॉलमध्ये कोणाच्यातरी हळदीचा व्हिडिओ कापत होती. डबा चालू होता, ऐकू येत नव्हता. मी आपली स्वतःशीच पुटपुटले, "काल वांग्याची भाजी अर्धी टाकली ताटात. म्हणे भूक नाही. बाहेर काहीतरी खाऊन आले असणार."

हॉलमधून आवाज आला, "खाऊन आलो नव्हतो. भाजी करपली होती."

"करपली नव्हती!"

"तळाशी लागलेली. मी ताटातला काळा तुकडा बाजूला ठेवला होता, बघितला असेलच."

"तो मसाला होता!"

"आबा, आजी, मी इथे सनई जुळवतेय," नात ओरडली. "जरा हळू!"

कोणीही हळू झालं नाही. तिनं हेडफोन चढवले. मी गॅस बारीक केला, हात पुसले आणि मसाला आणि करपणं यातला फरक नीट समजावून सांगायला हॉलमध्ये गेले.