निळ्या झाकणाचा डबा

पाववाल्याच्या बायकोलाच पाव वर्ज्य झाला, याचं गल्लीभर हसू झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये." बायको सात महिने निमूट भात जेवली. पाववाल्याला तेच खटकलं. एरवी चहात साखर कमी पडली तरी ही बाई घर डोक्यावर घेते!

चाळीस वर्षं भट्टीतला पहिला पाव बायकोचा, हा त्याचा शिरस्ता. दुकान लेकीच्या हवाली केल्यावरही त्याने घरच्या ओव्हनवर तो चालू ठेवला होता. मग आता काय हरायचं? तांदळाचं नि ज्वारीचं पीठ आणलं, चिकटपणाला इसबगोल घातलं. पहिला पाव दगड झाला. दुसरा आतून गिच्च. तिसरा मधोमध उकलला. सगळ्यात छळ म्हणजे हे पीठ मळायचंच नाही, नुसतं ढवळून साच्यात ओतायचं. त्याचे हात शिवशिवत.

"अहो, मळू नका!" बायको दारातून ओरडे. "त्यात मळण्यासारखं काही नाहीये."

चौथ्या वेळी मात्र त्याने कमाल केली. पावावर कांद्याच्या पातीचे देठ, त्यांवर ढोबळी मिरचीची लाल-पिवळी फुलं, तेलाचा हात लावलेली पुदिन्याची पानं आणि कोपऱ्यात गाजराचं फुलपाखरू. भाजून निघाला तेव्हा एकही पान करपलं नव्हतं.

बायकोने चष्मा चढवला. "हे खायचं की भिंतीवर टांगायचं?" म्हणत तिने सुरी उचलली.

आणि पाववाल्याला ओट्यावर निळ्या झाकणाचा डबा दिसला. तो त्याच्या फळीवरचा. त्यात गव्हाचं पीठ. तिची फळी निराळी, डबे निराळे. पण साच्याला तेल लावलं की वर पीठ भुरभुरायचं, ही हाताची चाळीस वर्षांची सवय. हाताने डोक्याला विचारलंच नव्हतं.

चिमूटभर तर होतं. कुणी पाहिलंही नव्हतं. बायको लहान मुलीसारखी फुलपाखराकडे बघत होती.

"ठेव ती सुरी," तो म्हणाला. "साच्याला मी गव्हाचं पीठ लावलंय."

तिने सुरी खाली ठेवली. मग खुर्चीत बसून खदखदून हसली. "बेचाळीस वर्षांच्या संसारात तुम्ही पहिल्यांदा आपणहून चूक कबूल केलीत! पावापेक्षा हेच भारी झालं."

"अगं, हसतेस काय? सात महिन्यांचं पथ्य पाण्यात गेलं असतं..."

"मग उठा ना! रडत काय बसलात?"

फुलपाखरासकट पाव शेजारच्या शिंप्याकडे गेला. पाठोपाठ निळा डबाही गेला, आणि पाववाल्यानेच तो नेऊन दिला. ओटा दोनदा धुतला, जुना साचा बाद करून कोरा काढला, त्याला कागद लावून नव्याने ढवळलेलं पीठ ओतलं. भाजीत अर्धा कांदा आणि कोथिंबिरीच्या काड्याच उरल्या होत्या. त्या या खेपेला बायकोने मांडल्या. फूल म्हणावं तर फूल, कोळी म्हणावं तर कोळी.

पाव निवायचीही वाट न पाहता तिने तुकडा तोंडात टाकला. पाववाला श्वास रोखून उभा.

तिने सावकाश चावलं, डोळे मिटले, उघडले.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "आणि तुमच्या हाताला अजूनही घाई आहे."

पाववाल्याचा चेहरा उजळला. बायको पुन्हा कुरकुरायला लागली होती.