मोहोरबंद कुदळ

शेवाळे अण्णा बाजाराला निघाले की खिशात एक कांदा टाकायचे. मागच्या बाजारातला सगळ्यात चांगला, मुद्दाम वगळून ठेवलेला. पाटीतला कांदा त्याच्याशेजारी धरून पाहायचे आणि जुळला नाही, तर सरळ पुढे चालू लागायचे. भाजीवाल्या बायका त्यांना लांबून येताना बघूनच हसायच्या. "आले नमुनेवाले," म्हणायच्या. अण्णांना त्याचं काही वाटत नसे.

बहात्तरच्या दुष्काळात नगरच्या एका सरकारी भांडारात ते भांडारपाल होते आणि मी तिथली टंकलेखक. जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांची मागणी आमच्याकडे एकत्र व्हायची, खडूपासून घमेल्यापर्यंत. मग निविदा, आणि मग एकाच पुरवठादाराशी वर्षभराचा दरकरार. करार चालू असेपर्यंत ती वस्तू कुठल्याही तालुक्यानं दुसऱ्या कुणाकडून घ्यायची नाही, हा नियम. प्रत्येक कराराचा एक नमुना असे. त्याला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली, वर लाखेचं सील. आलेला माल त्याच्याशी ताडायचा आणि मगच उतरवून घ्यायचा. अण्णा म्हणायचे, "कागद कुनीबी सजवतंय, ताई. आपुन नमुना बघायचा."

त्या वर्षी गावोगाव खडी फोडायची, बांध घालायची कामं निघाली आणि कुदळींची मागणी अशी आली की मी टाइप करून थकले. निविदेआधी नमुना हवा होता. अण्णा सायकलवर टांग मारून केडगावला गेले, हुसेनभाईंकडे. हुसेनभाई लोहार, अण्णांचे वीस वर्षांचे दोस्त. ईदचा शीरखुर्मा अण्णांच्या घरी आणि दिवाळीचा फराळ त्यांच्या घरी, असा रिवाज. कुदळ कशी असावी ती एक करून दे, एवढंच अण्णांनी सांगितलं. हुसेनभाईंनी तीन दिवस घेतले. पात्याला असं पाणी दिलं होतं की दगडावर मारली तरी टोक मुडपायचं नाही. दांडा बाभळीचा, हातात धरला की सोडवेना. मी बाईमाणूस, कुदळीतलं मला काय कळतंय, पण ती मीही दोनदा उचलून पाहिली.

चूक तिथंच झाली. हुसेनभाईंना वाटलं, नमुना आपला म्हणजे काम आपलं. आणि अख्ख्या जिल्ह्याचा पुरवठा एका भात्यावर होणार नाही, हे ठाऊक असून अण्णा बोलले नाहीत. मित्राच्या तोंडावर ते बोलवेना त्यांना. करार बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याशी झाला. आजवर आसपासचे मुकादम हुसेनभाईंकडूनच कुदळी नेत. आता तेही बंद झालं. शेतकऱ्यांकडून काम येण्याचा प्रश्नच नव्हता, पिकंच नव्हती.

व्यापाऱ्याची पहिली खेप आली, बरी होती. दुसरीत दांडे हलक्या लाकडाचे आणि पाती वाकणारी. अण्णांनी खेप नाकारली. व्यापारी ओरडला, साहेबांनी बोलावून घेतलं, पण अण्णा हलले नाहीत. एवढ्यात एका तालुक्याचं पत्र आलं. मजुरांच्या हाती अवजार नाही, तेव्हा शंभर कुदळी हुसेनभाईंकडून घ्यायची परवानगी द्या. मला वाटलं, देव पावला. अण्णांनी शेरा लिहिला: करार चालू आहे, बदली माल देण्याची मुदत शिल्लक आहे, परवानगी देता येत नाही.

मी चिडले. म्हटलं, अण्णा, तुम्ही माणूस आहात की रबरी शिक्का? ते शांतपणे म्हणाले, "आज हुसेनसाठी नियम मोडला, तर उद्या साहेबाच्या मेव्हन्यासाठी बी मोडावा लागंल. तवा कोन्त्या तोंडानं न्हाई म्हनू?" नकाराचं ते पत्र माझ्याच बोटांनी टाइप झालं. ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही.

आठवड्याभरानं हुसेनभाई भांडारात आले. भांडले नाहीत. खुंटीवर सील लावून टांगलेल्या आपल्या कुदळीची चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "अण्णा, माल माझ्यासारखा पायजे, पन माझा नको, व्हय?"

अण्णांचा चेहरा उतरला. म्हणाले, "एवढा करार संपू दे, हुसेन. लहान कामाची निविदा निघंल, तवा तुजा अर्ज म्या सोता भरीन."

हुसेनभाई हसले, चहा न घेता गेले. पुढं कळलं की त्यांनी भाता बंद केला आणि खडीच्या कामावर जायला लागले. ज्यानं जन्मभर लोखंड वळवलं, तो माणूस उन्हात बसून दगड फोडत होता. अण्णांना मी ते सांगितलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

चैत्र संपत आला असेल. सकाळी कार्यालय उघडलं तोच हुसेनभाईंचा धाकटा भाऊ रहीम दारात उभा. आदल्या दिवशी कामावरच हुसेनभाईंना ऊन लागलं होतं, पहाटे ते गेले. रहीम खुंटीकडे बघत म्हणाला, "कबर खनायची हाय. जमीन पार दगड झालीय, कामावरच्या जुन्या कुदळी वाकत्यात. भाऊची कुदळ द्या."

करार संपायला अजून दोन महिने होते. नाकारलेली खेप बाहेर पडून होती, तिचा वाद चालूच होता, आणि त्या वादात अण्णांच्या हाती पुरावा काय तो हा नमुना. अण्णा उठले. कुदळ खाली काढली आणि अंगठ्यानं लाख फोडली. मला म्हणाले, "लिवून घ्या ताई, सील म्या फोडलं." माझ्यानं लिहवलं नाही. मी रडत होते.

रहीमनं नंतर सांगितलं की, अर्धी कबर अण्णांनीच खणली. कुणी कुदळ मागितली, तरी दिली नाही. दुपारी परत आले, ती मातीसकट खुंटीला लावली आणि माझ्या टेबलासमोर बसले. "तो काम मागत हुता तवा फोडलं न्हाई, ताई," एवढंच म्हणाले आणि तोंडावर हात धरून लहान मुलासारखे रडले.

पुढं व्हायचं ते झालं. सील नाही म्हणजे नमुना नाही, असं व्यापारी म्हणाला आणि नाकारलेली खेप पास झाली. त्या वाकणाऱ्या कुदळी मजुरांच्या हाती गेल्या. अण्णांना मेमो मिळाला. त्याच्या उत्तरात त्यांनी एक ओळ लिहिली, चूक मान्य आहे. कुठली चूक, ते लिहिलं नाही. वर्षभरात त्यांची बदली राहात्याला झाली.

एकदा शिर्डीहून येताना मी मुद्दाम राहात्याला उतरले. बाजाराचा दिवस होता. अण्णा बरेच वाकले होते. एका बाईसमोर त्यांनी पिशवी धरली आणि तिनं टाकले तसे कांदे घेतले, एकही उचलून पाहिला नाही. मी सहज विचारलं, अण्णा, खिशातला नमुना कुठाय?

"चांगला कांदा बाजूला ठिवला की तो खायचाच ऱ्हातो, ताई," ते म्हणाले. "नुसता सुकून जातो."

मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आणि मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले.