नन्ना त्या दिवशी हो म्हणाला नव्हता

नन्नाला कोणी जुनी पिकअप पाहायला नेलं की तो रंगाकडे बघायचा नाही, मालकाकडेही बघायचा नाही. सरळ जमिनीला पाठ टेकवून गाडीखाली सरकायचा. बाहेर आला की पाठीची माती झटकायचा, मालकाने मागवलेला चहा प्यायचा आणि म्हणायचा, "नाही." काहून नाही, असं विचारलं तर चिडायचा. त्याचं खरं नाव गोविंदा, पण रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यात ते फक्त त्याच्या बायकोला आणि रेशनवाल्याला माहीत होतं. बाकी सगळ्यांचा तो नन्ना.

अशा माणसाच्या तेरवीला गेल्या महिन्यात एक ठेकेदार उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "दादा ने कभी किसी काम को ना नहीं कहा. उस दिन भी अपनी मर्जी से बैठे थे." पंगतीतल्या लोकांनी माना हलवल्या. मी पानावरून उठलो. त्या दिवशी काय झालं ते मला माहीत आहे, कारण दोराचं दुसरं टोक माझ्या गाडीला होतं. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे शाळेने मला ठेवलं नाही आणि मीही शाळेच्या पाया पडलो नाही. पण लिहिता येतं, म्हणून लिहून राहिलो.

आम्ही दोघंही मूळचे भंडाऱ्याकडचे. नन्नाचे वडील रेल्वेत होते, त्यामुळे तो इथेच वाढला. मी एका डेअरीची गाडी चालवायला आलो आणि त्याच्या शेजारी खोली घेऊन राहिलो. रायपूर राजधानी झालं आणि ज्याला सायकल धड सांभाळता येत नव्हती तोही पिकअप शोधायला लागला. तिकडे नवा रायपूरमध्ये शेतांवरून रस्ते निघत होते. गिट्टी, सळया, मजुरांचे तांदूळ, सगळं पिकअपमधून जायचं. नवी गाडी घ्यायची ऐपत आमच्यात कोणाची नव्हती. जुनी घ्यायची तर नन्नाला न्यायचं, असा रिवाजच पडला, जसं पोरगी पाहायला जाताना मामाला नेतात. त्याने नाही म्हटलं की आठवडाभर त्याला शिव्या द्यायच्या आणि पुढची गाडी पाहायला पुन्हा त्यालाच बोलवायचं.

दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी निघायला भोकं असतात. नन्ना त्यात करंगळी घालायचा. बोटाला काळी भुकटी लागली की गाडी लोखंडाच्या कारखान्यांकडे फिरलेली. ती भुकटी भिजली की पत्रा आतून खाते. मागे माल ठेवायचा डाला असतो, त्याच्या कोपऱ्यात तो नाक खुपसायचा. मासळी वाहिलेली असेल तर मिठाचं पाणी खाली चेसिसपर्यंत उतरलेलं असतं. कमानीत जास्तीचा पाटा घातलेला दिसला, म्हणजे ताकदीबाहेर माल भरलेला, की मालकाला तोंडावर विचारायचा, "गाडी विकून राहिला का गाढव?" एकाने हौसेने ताजा लाल रंग दाखवला, तर हा म्हणतो, "रंगच पाहायचा असता तर बायकोले घेऊन सदर बाजारात साड्या पाहाले गेलो असतो." त्या माणसाने आम्हाला अर्ध्या चहावरून उठवलं. चूक त्याची नव्हती.

माझी गाडी मी नन्नाच्या नाकावर टिच्चून घेतली. धमतरीच्या एका भाजीवाल्याची होती. मागच्या हुकापाशी चेसिसला वेल्डिंगचा जोड होता आणि नन्ना तिथेच अडून बसला.

"जोड चांगला आहे ना बे," मी म्हणालो.

"जोड कधी चांगला नसते."

"मग माणसाचं मोडलेलं हाड जोडते ते?"

"माणूस माल वाहत नाही."

"मग आजवर मी काय वाहून राहिलो होतो?"

यावर तो पाठीची माती झटकत निघून गेला आणि सगळा उन्हाळा माझ्या दारात आला नाही. गाडी उत्तम निघाली. वर्षानुवर्षं चालली, जोडाला केसाएवढी चीर पडली नाही. नन्ना चुकला होता. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण माणूस मेला की त्याचं सगळंच बरोबर होतं म्हणणाऱ्या लोकांचा मला राग येतो. त्याने चूक कबूल केली का? नाव नको. पाऊस लागला तसा एका रविवारी बादली आणि तारेचा ब्रश घेऊन माझ्या दारात आला आणि माझ्या गाडीखाली शिरला.

त्याची गाडी धुण्याची पद्धतच उलटी होती. आधी खालून धुवायची, वरून वेळ उरला तर. त्याच्या स्वतःच्या पिकअपच्या टपावर धूळ असायची, पोरं बोटाने त्यावर नावं लिहायची, पण खालून गाडी घासलेल्या पातेल्यासारखी. धुवायच्या सेंटरला गाडी देणाऱ्यावर तो भडकायचा. "पाइपच्या पाण्यानं चिखल जाते," म्हणायचा, "चीर हातालेच लागते." चारही चाकांचे ड्रम पावसाळ्याआधी उघडायचे, डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी काढायचं, ग्रीस भरताना जुनं बाहेर येईपर्यंत भरायचं. माझ्या गाडीचं हे सगळं तो रविवारी करायचा आणि करताना गाडीला, भाजीवाल्याला आणि मला सारख्याच शिव्या घालायचा. चहा मात्र माझ्याच घरचा लागायचा, आणि साखर कमी पडली की त्यावरूनही भांडण.

आता टोचनचं सांगतो. बंद पडलेल्या गाडीला दोर बांधून दुसऱ्या गाडीने ओढत न्यायचं, याला आमच्याकडे टोचन म्हणतात. लोकांना वाटतं ओढणारा मोठा. नन्नाच्या मते ओढणारा नुसता बैल, खरा ड्रायव्हर मागच्या बंद गाडीत बसतो. दोर ढिला पडू द्यायचा नाही, पुढच्याने ब्रेक मारायच्या आधी मागच्याने मारायचा. आणि इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा लागतो, स्टेअरिंग दोन माणसांचं काम होऊन बसतं. म्हणून मागची जागा तो दुसऱ्याला देत नसे. भरलेल्या गाडीला तर टोचन नाहीच. आधी माल उतरवा, मग दोर. रस्त्यावर कोणी टोचन मागितलं तर नाही म्हणायचं नसतं, हा ड्रायव्हर लोकांचा कायदा. नन्ना भरलेल्या गाडीसमोर तो कायदा मोडायचा आणि ढाब्यावर बसून लोक त्याला नावं ठेवायचे. मीही ठेवली आहेत.

त्या दिवशी फिरतूचा फोन आला. फिरतू हा त्याच ठेकेदाराचा ड्रायव्हर, आरंगकडचा छत्तीसगढी माणूस, बायको-पोरांचा संसार असलेला. सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा भरलेली त्याची पिकअप नवा रायपूरच्या रस्त्यावर बंद पडली होती. आम्ही माझ्या गाडीने गेलो. नन्नाने पाहिलं, इंजिन जाम. मग डाल्याकडे पाहून म्हणाला, प्लेटा उतरवा, मग ओढतो. ठेकेदार स्वतः तिथे उभा होता. पुढे स्लॅबचं काम थांबलं आहे, उतरवायला वेळ नाही, क्रेन यायला संध्याकाळ होईल, असं तो थोडं फोनवर आणि थोडं आमच्याशी बोलत होता. नन्ना म्हणाला, "नाही." ठेकेदार म्हणाला, ठीक आहे, दुसरा बघतो. नन्ना माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, चल. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

मी चावी फिरवली, तेवढ्यात ठेकेदाराने जाणारा एक ट्रॅक्टर थांबवला आणि फिरतूला मागच्या गाडीत बसायला सांगितलं. फिरतू चढला. टोचनच्या मागे तो आयुष्यात बसला नव्हता. स्टेअरिंग असं धरलं होतं जसं कोणी वाढलेलं ताट धरतं. नन्ना आरशातून पाहत होता. त्याने शिव्या दिल्या, कोणाला ते कळलं नाही, आणि उतरला. फिरतूला कॉलर धरून खाली ओढलं, ट्रॅक्टरवाल्याला हाकलून लावलं आणि मला म्हणाला, "गाडी लाव, पुंडल्या."

मी म्हटलं, "भरलेली आहे. तूच नाही म्हणून राहिला होता ना?"

"आताही नाहीच म्हणून राहिलो. पण तो चढून बसला. त्याले उतरवायचं तर कोणाले तरी चढा लागते."

दोर माझ्या हुकाला बांधताना त्याने त्या जोडावर एक लाथ मारून पाहिली. दुसऱ्या कोणाच्या गाडीच्या मागे तो बसला नसता, एवढं मला कळलं.

सपाटीवर नीट चाललो. पुलाच्या उतारावर मी आरशात पाहिलं तर मागची गाडी जवळ येत होती आणि नन्ना ब्रेकवर अक्षरशः उभा होता. मी वेग वाढवला, तरी ती येतच होती. माझ्यावर आदळायच्या आधी त्याने ती डावीकडे मुरुमाच्या ढिगात घातली. दोर तुटला. गाडी ढिगात थांबली, प्लेटा थांबल्या नाहीत. केबिनची पाठ फोडून त्या आत गेल्या. उतरवा म्हणाला होता त्याच प्लेटा.

कमरेखालचा नन्ना तिथेच संपला. दवाखान्यात पोलीस आले तेव्हा मी बाजूला होतो. नन्नाने सांगितलं, "मी माझ्या मर्जीनं बसलो." मी त्याच्यावर ओरडलो, नर्सने मला बाहेर काढलं. नंतर कारण सांगितलं त्याने. फिरतूकडे मालवाहू गाडी चालवायचं लायसन तेव्हा नव्हतं. खरं बोललं असतं तर ठेकेदार सगळं फिरतूवर ढकलून सुटला असता आणि आधी फिरतू आत गेला असता. "तोंड बंद ठेव, पुंडल्या," म्हणाला. मी ठेवलं, पण त्यासाठी मी त्याला कधी माफ केलं नाही. त्याच्या त्या एका वाक्यावर ठेकेदार निवांत झाला. त्याचे मजले चढत गेले आणि नन्ना बुढापाऱ्याच्या गल्लीत बाजेवर पडून राहिला. लोक गाड्या गल्लीत आणून दाखवायचे. आता खाली सरकता येत नाही म्हणून तो माझ्यावर खेकसायचा, "सरक तू, आणि डोळे उघडे ठेव." मी सरकायचो. मी गाडी चांगली आहे म्हणालो की तो नाही म्हणायचा.

तेरवीला फिरतू पंगतीत वाढत होता. ठेकेदार बोलत असताना त्याच्या हातात वरणाची बादली होती. त्याने ऐकलं आणि पुढच्या पानावर वरण वाढलं. मी त्याला बाहेर गाठून विचारलं, तू क्यों नहीं बोला? आता त्याच्याकडे लायसन आहे, सगळं आहे. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "भैया, गाड़ी तो मैं उन्हीं की चलाथौं." म्हणजे अजून ठेकेदाराचीच. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. असेल. मी त्या पाण्याचं काय करू?

फिरतूला मराठी येत नाही. रविवारी मी त्याच्या घरी जाणार आहे आणि हे सगळं त्याच्या बायकोपोरांसमोर हिंदीत वाचून दाखवणार आहे. मग त्याने बोलायचं की नाही ते त्याचं त्याने पाहावं. वहिनी, नन्नाची बायको, म्हणते, "जाऊ नका भाऊजी, त्यायनं नाही म्हणून सांगतलं होतं." मला ठाऊक आहे. तो असता तर मी निघताना बाजेवरून हाक मारून त्याने मला अडवलं असतं, आणि भर गल्लीत आमची जुंपली असती. कोणी ऐकलं नसतं, ना त्याने ना मी.

आता हाक मारायला कोणी नाही. मी जाणार.