वाट्याचे बकरे

उतारवयात लेखणी उचलणाऱ्याने निदान एखाद्या थोर माणसाविषयी लिहावे. मी लिहिणार आहे ते माझ्या थोरल्या साडूंविषयी, आणि तेही त्यांच्या जेवणाविषयी. तेव्हा या धाडसाबद्दल वाचकांनी क्षमा करावी. परंतु मटणावर त्यांच्याइतके प्रेम करणारा आणि मटण त्यांच्याइतके क्वचित खाणारा दुसरा माणूस साऱ्या मेहकर तालुक्यात झाला नसेल, एवढे मी निःसंकोच सांगू शकतो.

डोणगावाजवळच्या एका खेड्यात त्यांची कोरडवाहू शेती. वर्षभर त्यांचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि या सर्वांच्या सोबतीला मटणाचे वर्णन. वरणात भाकरी कुस्करता कुस्करता ते मागच्या दसऱ्याचा रस्सा असा काही डोळ्यांपुढे उभा करीत, की माळकरी पाहुणेही अस्वस्थ होऊन पाणी मागत. बकरे कोणत्या रानात चरले हे आपल्याला चवीवरून कळते, असा त्यांचा दावा असे. "हे टेकडीवरच्या बोरी खाल्लेलं बकरू हाय," असे म्हणून ते डोळे मिटत, तेव्हा ताई, म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण, आतून म्हणत, "बोरी नाही, खोबरं जास्त पडलं माह्या हातानं." हाडांचा तर ते असा समाचार घेत, की त्यांच्या हातून सुटलेले हाड दारचा कुत्रा एकदा हुंगे आणि फसवणूक झाल्यासारखा त्यांच्याकडे पाहत राही.

मात्र खायचे ते वाट्याचेच, हा त्यांचा दंडक होता. आळीची रीत अशी, की सणाला सर्व घरांनी मिळून एक बकरे घ्यायचे आणि प्रत्येक घराने वाटा कबूल केल्याशिवाय त्याला सुरी लावायची नाही. मुल्लाजी येऊन बकरे कापीत, पळसाच्या पानांवर सारखे वाटे पडत. मग साडू त्या वाट्यांकडे पाठ करून उभे राहत. मुल्लाजी एकेका वाट्यावर बोट ठेवून "ये किसका?" असे विचारीत आणि साडू न पाहता एकेका घराचे नाव घेत. पाये मात्र वाट्यात धरीत नसत. ज्या घरी बाळंतीण असेल, त्या घरी ते पोचवले जात. एकदा गुर्दा नेमका त्यांच्या बांधाच्या वैऱ्याकडे गेला. "मीच देल्ला न त्याले, माह्या तोंडानं!" म्हणून ते पुढच्या सणापर्यंत हळहळत होते, पण त्या सणालाही त्यांनी मान वळवली नाही.

एकदा ते आमच्याकडे नांदुऱ्याला आले, तेव्हा मी मुद्दाम दुकानातून चांगले मटण आणले. ताटाकडे पाहून त्यांनी विचारले, "साडभाऊ, वाटा कोणासंगं घेतला?"

"कोणाबरोबर नाही. दुकानातून आणलं."

"अन् बाकीचं बकरू कोणाच्या घरी गेलं?"

"ते कसं सांगणार?"

"मंग मी कोणासंगं जेवून राह्यलो, हेच तुमाले माईत नाही!" असे म्हणून त्यांनी वाटी हळूच सरकवली आणि वांग्याची भाजी मागून घेतली.

माझी पत्नी रुसली. "भाऊजी, आम्ही काय परके?"

"तुम्ही नाही वं. हे बकरू परकं हाय."

पुढे डोणगावच्या एस. टी. स्टँडजवळही मटणाचे दुकान झाले. मनात येईल त्या दिवशी, हवे तेवढे तोलून मिळू लागले आणि आळीतली घरे एकेक करून वाट्यातून गळू लागली. त्या वर्षी पोळ्याला आम्ही साडूंकडेच होतो. श्रावण संपला होता. पोळ्याचा दुसरा दिवस करीचा, आणि करीला वाटे पडले नाहीत असे तिथे कधी घडले नव्हते. बकरे निंबाला बांधलेले, मुल्लाजी ओट्यावर बसलेले, ताईंचा मसाला भाजून तयार, आणि साडू दारोदार फिरत होते. मी त्यांच्या मागे.

"काऊन बे, वाटा नाही घेत?" त्यांनी एका तरुण शेतकऱ्याला हटकले.

"दादा, सकायीच आणलं डोणगावहून. तुमच्या वाट्यात नुसते हाडंच येतेत!"

"हाडं माह्या घरी आणून दे. मी हाय न!"

तो हसला, पण वाटा काही त्याने घेतला नाही. दुपारपर्यंत निम्मी घरेही जमेनात. शेवटी मी भीतभीत म्हणालो, "उरलेले वाटे माझे धरा."

"एका चुलीले एक वाटा, साडभाऊ. सारे तुम्हीच घेतले, त मी नावं कोणाचे घेऊ?"

मुल्लाजींनी सुरी फडक्यात गुंडाळली. "दसरे को देखेंगे, दादा," असे खाली पाहतच म्हणून ते निघून गेले. मसाला ताईंनी वांग्यांत घातला.

संध्याकाळी ते मला घेऊन आळीतून फिरायला निघाले. काही घरांतून फोडणीचा वास येत होता, काहींतून येत नव्हता. प्रत्येक दारापुढे ते किंचित थांबत. "पहिले करीच्या संध्याकाळी साऱ्या आळीत एकच बकरू शिजे," ते म्हणाले. "कोणाचं तिखट झालं, कोणी पाणी जास्त टाकलं, हे मी इथून सांगो. आता कोणाच्या घरी काय शिजून राह्यलं, काही समजत नाही."

दसऱ्यालाही वाटे जमले नाहीत, आणि त्यानंतर कधीच नाहीत. साडूंनी मटण पुन्हा चाखलेले नाही. आता ते थकले आहेत; तरी करीच्या सकाळी काठी टेकत आळीत एक फेरी घालतात, प्रत्येक दारी वाट्याचे विचारतात, आणि म्हातारे झालेले ते बकरे त्यांच्या मागे मागे चालत असते. लोक चहा पाजून त्या दोघांना परत पाठवतात.

मी नांदुऱ्याला ज्या बिऱ्हाडात राहतो, तेथे भिंतीला भिंत लागून घरे आहेत. काल पलीकडून खोबरे भाजल्याचा वास आला. कोणाकडून आला, हे मला सांगता आले नाही. वाचकहो, तुमच्या शेजारच्या घरी आज काय शिजले आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का?