सूर्याचं पाप लागत नाही!

मी आणि माझा दीर मिलिंद, आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात सोलरचं दुकान टाकलं तेव्हा वाटलं होतं, गच्चीवर पॅनल बसवायचे, बस! पण गच्चीवर जायचं तर घरातून जावं लागतं, आणि घरात शिरलं की चहा आलाच. चहाबरोबर किस्सा फ्री! आता गोडाऊनमध्ये पॅनल कमी आणि डोक्यात किस्से जास्त झालेत.

*

दाना ओलीतल्या फडके काकूंचा मे महिन्यात फोन. "अगं, तुझ्या पॅनलमधून बिजलीच येत नाहीये!"

धावत गेले. बघते तर सगळ्या पॅनलवर जुन्या सुती साड्या पसरलेल्या, वर विटा ठेवलेल्या.

"काकू, हे काय?"

"अगं, किती तापतात बिचारे! हात लावून बघ!"

*

मिलिंदला भाषणाची हौस. मराठी मंडळाने हवामान बदलावर बोलायला बोलावलं. हॉलमधला कूलर बंद, सगळे घामाघूम. मिलिंद गंभीर आवाजात म्हणाला, "असाच कोळसा जाळत राहिलो तर तापमान एक-दोन अंशांनी वाढेल!"

मागून आवाज आला, "ग्वाल्हेरचं? मग कळणार कसं?"

*

बँकेतून रिटायर झालेले एक साहेब. जन्मभर "दिवे बंद करा" म्हणून घरच्यांवर ओरडले. सोलर लागला आणि माणूसच बदलला! मी सर्व्हिसिंगला गेले, तर प्रत्येक खोलीत एसी चालू, दारं सताड उघडी, आणि साहेब स्वेटर घालून पेपर वाचतायत.

"साहेब, खोल्या रिकाम्या आहेत, तरी एसी?"

"असू दे! ही सूर्याची वीज. हिचं पाप लागत नाही!"

आतून बायको ओरडली, "पाप नाही लागत, पण थंडी लागते ना!"

*

शिंदे की छावनी मोहल्ल्यात अप्पा सुर्वे राहतात. फौजेतून निवृत्त, घरात एकटे. शेजारच्या चौहानजींशी मधल्या भिंतीवरून कोर्टात केस, बोलणं कधीचंच बंद.

जूनमध्ये भर दुपारी ट्रान्सफॉर्मर उडाला. मी नेमकी अप्पांकडे सोलरची बॅटरी तपासायला गेले होते. तेवढ्यात पलीकडून चौहानजींचा घाबरा आवाज आला. ते फोनवर सिलिंडर मागत होते. त्यांच्या बायकोला ऑक्सिजनचं मशीन लागतं, आणि त्यांचा इन्व्हर्टर बंद पडला होता.

अप्पा उठले. आपला कूलर बंद केला, फ्रिज बंद केला आणि लांब वायर माझ्या हातात दिली. मी ती भिंतीवरून टाकायला गेले, तर अप्पा कडाडले, "भिंतीला हात नाही लावायचा! केस चालू आहे! सडक से ले जाओ!"

वायर फाटकातून निघाली, रस्त्यावरून वळसा घेऊन चौहानजींच्या खिडकीत गेली. मशीन सुरू झालं.

संध्याकाळी लाइट आली, तोवर अप्पा बनियनवर, पुठ्ठ्याने वारा घेत बसून होते. चौहानजी फाटकात येऊन हात जोडून उभे राहिले.

अप्पा म्हणाले, "ठीक है, ठीक है. तारीख पर मिलते हैं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मला अप्पांचा फोन. "अजून एक बॅटरी बसवून दे."

"अप्पा, तुम्ही एकटेच तर आहात. आहे ती पुरते की!"

"मला पुरते," अप्पा म्हणाले.