खुर्च्यांवरचं नाव

आमच्या गल्लीत तिला सगळे गादीवाली म्हणतात. खुर्च्या, सोफे, मोटारींच्या सीटा, काहीही द्या, ती नव्यासारखं मढवून देते. वडिलांच्या मागे वीस वर्षं तिनं एकटीनं दुकान चालवलं. काम करताना पिना दातांत धरते, त्यामुळे दुपारपर्यंत तिच्याशी बोलायला जाण्यात काही अर्थ नसतो. हाताला पक्की आणि बोलायला तुसडी. पोरगी अल्लाखेरीज कुणाला भीत नाही, असं तिची अम्मी सांगते.

दातांच्या डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीतल्या आठ खुर्च्या तिच्याकडे मढवायला दिल्या. कापडही त्यांनीच आणलं. निळ्यावर पांढऱ्या रेघा, काटकोनात वळत गेलेल्या, एखाद्या भुलभुलैयासारख्या. घट्ट विणीचं, टिकाऊ कापड. तिनं आठवडाभरात खुर्च्या पोचत्या केल्या. दीड-दोन मीटर उरलं होतं, ते डॉक्टर तिलाच ठेव म्हणाले, म्हणून तिनं दुकानाच्या खिडकीला लावलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ती दूध घेऊन समोरच्या फुटपाथवरून येत होती. सहज खिडकीकडे नजर गेली आणि ती जागीच थांबली. जवळून ज्या नुसत्या रेघा वाटायच्या, त्या लांबून एकमेकींना मिळाल्या होत्या. अलिफ, लाम, लाम, हे. लहानपणी मशिदीतल्या वर्गात गिरवलेली अक्षरं, फक्त चौकोनी केलेली. अल्लाचं नाव. एकाखाली एक, पडदाभर.

दुकानात शिरून तिनं पडदा उतरवला, घडी केली आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. मग तिला एकेक आठवायला लागलं. कापड ताणताना तिनं ते गुडघ्यानं दाबून धरलं होतं. कातरलेल्या पट्ट्या जमिनीवर पडल्या, त्या झाडूनं लोटून कचऱ्याच्या गाडीत गेल्या. आणि आठ खुर्च्यांवर कालपासून माणसं बसत होती. आपल्याला याचा जाब विचारला जाणार, एवढं एकच डोक्यात घुमत राहिलं.

घरी येऊन तिनं अम्मीला सांगितलं. अम्मी भिंतीला टेकून बसली. ओठांतल्या ओठांत तिनं दुआ पुटपुटली.

"आधी खुर्च्या रिकाम्या कर," ती म्हणाली. "रडायचं ते मागाहून."

दवाखान्यात आठपैकी सहा खुर्च्या भरलेल्या होत्या. एक बाई गालाला रुमाल लावून बसली होती, तिच्या शेजारी एक आजोबा डुलक्या काढत होते. गादीवाली दारातच उभी राहिली. खरं सांगावं, तर ऐकून कोण काय म्हणेल? कुणी हसेल, कुणी खवळेल, कुणी तिच्यासारखंच घाबरेल. शेवटी तिनं सांगितलं की गाद्यांमधून पिना वर आल्या आहेत, टोचतील. सगळे ताडकन उठले. आजोबांना तर पिन लागल्याचंही जाणवलं.

गलबला ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी एकेका गादीवरून तळहात फिरवला आणि शांतपणे विचारलं, "पिन कुठाय?"

ते तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे तिनं सगळं सांगितलं, पट्ट्यांचंसुद्धा. डॉक्टर तिच्या धर्माचे नव्हते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ज्यांच्या हातातलं यंत्र बघून अख्खं गाव घाबरतं, ते आता स्वतःच घाबरले होते.

"मीच आणलं ते कापड," ते म्हणाले. "मला वाटलं नक्षी आहे. लोकांना खरं वाटेल का?"

त्यांनी त्या दिवशीचे पेशंट दुसऱ्या दिवसावर ढकलले आणि दार लावून घेतलं. गादीवालीनं वजू केलं, नमाजाआधी धुतात तसे हातपाय-तोंड धुतलं आणि टेबलावर धुतलेली चादर अंथरली. पिना काढत ती कापड सोडवत गेली. एकही कोपरा जमिनीला लागू नये म्हणून डॉक्टर दोन्ही हातांनी खालून धरत होते. चार तास लागले. त्या वेळात दोघं एकमेकांशी जेमतेम दहा वाक्यं बोलले असतील.

संध्याकाळी ते कापड आणि फळीवरचा पडदा एका गाठोड्यात बांधून ती मौलवीसाहेबांकडे गेली. त्यांनी चहा मागवला आणि तिचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सांगितलं की हे नाव जिथे बसायचं, तुडवायचं किंवा मळायचं असेल तिथे असू नये. न्हाणीघरात नको, पायपुसण्यावर नको, चादरीवर नको. हे कापड जिथे पाय पडत नाहीत अशा स्वच्छ मातीत पुरायचं. डॉक्टर एक तुकडा चौकटीत घालून भिंतीवर उंच लावू का विचारत होते, तेही तिनं विचारलं. स्वच्छ जागी, उंचावर, आदरानं लावलं तर कित्येकांना चालतं, ते म्हणाले. पण नुसती शोभा म्हणून लावणं अनेक आलिमांना, धर्माच्या जाणकारांना, पसंत नाही. मन साशंक असेल तर लावू नये.

"आणि त्या पट्ट्या?" तिनं विचारलं.

"नकळत झालं, बेटी. नकळत झालेल्याची पकड नसते, त्याचा जाब विचारला जात नाही. आता कळलंय, आता जपून राहा."

मशिदीमागे कुंपणाला लागून त्यांनी स्वतः तिच्याबरोबर खड्डा खणला आणि गाठोडं त्यात पुरलं.

खुर्च्या तिनं साध्या तपकिरी कापडात पुन्हा मढवल्या. डॉक्टरांनी कापडवाल्याला कळवलं. त्यालाही ठाऊक नव्हतं, त्यानं तो तागा लगेच दुकानातून काढला. कुणी भांडायला आलं नाही, कुणी बोट दाखवलं नाही. तरी कित्येक आठवडे कचऱ्याच्या गाडीची घंटा वाजली की ती हातातलं काम थांबवायची. भीती गेली का, असं मी एकदा विचारलं. तिनं दातांतल्या पिना काढून तळहातावर घेतल्या.

"कमी झालीय," ती म्हणाली, आणि पुन्हा कामाला लागली.